मोटारघराची शेकोटी : सरपण की प्रोपेन?

अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत सुटीच्या दिवसांत रस्त्यांवर एक विशेष प्रकारचे वाहन वारंवार दृष्टीस पडते. बाहेरून ते एखाद्या लहान बसगाडीसारखे दिसते. आत मात्र निजण्याच्या जागा, ओटा, पाण्याची टाकी, शीतपेटी व न्हाणी अशी संसाराची सर्व सोय असते. काही वाहनांना स्वतःचे एंजिन असते, तर काही मोटारीच्या मागे जोडून ओढून न्यावी लागतात. तेथील लोक दोहोंस मिळून ‘आर. व्ही.’ म्हणतात, आपण त्यास मोटारघर म्हणू. या प्रवासाची आवड तेथे नवी नाही. अशा प्रवाशांची ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाची संघटना १९१९ सालीच फ्लोरिडा राज्यातील टँपा येथे स्थापन झाली होती.

दिवसभर प्रवास करून हे मोटारघर एखाद्या अरण्याच्या किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या मुक्कामतळावर उभे राहते, आणि अंधार पडू लागला की कुटुंबातील मंडळी बाहेर येऊन विस्तवाभोवती बसतात. हा विस्तव दोन प्रकारचा असू शकतो. एक, जमिनीवरील लोखंडी कड्याच्या किंवा दगडांच्या आगटीत लाकडे रचून पेटविलेला. दुसरा, धातूच्या उथळ परातीसारख्या पात्रात नळीवाटे प्रोपेन वायू सोडून पेटविलेला. यांपैकी कोणता पत्करावा हा प्रश्न वरवर पाहता केवळ आवडीनिवडीचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर देऊ लागले असता ज्वलनाचे रसायन, उष्णतेचे प्रसारण, वृक्षांचे रोग व अरण्यांचे वणवे इतक्या विषयांचा विचार करावा लागतो. म्हणून शास्त्राच्या अभ्यासकास तो उपयोगी आहे.

आगटीला जागा कशी मिळाली

प्रारंभीच्या काळी मोटारीतून येणारे प्रवासी वाटेल तेथे गाडी घुसवीत आणि वाटेल तेथे विस्तव करीत. कॅलिफोर्नियातील प्रचंड रेडवुड वृक्षांच्या राईत याचे परिणाम दिसू लागले. ई. पी. माइनेके या वृक्षरोगतज्ज्ञाने त्यांचा अभ्यास केला, तेव्हा असे आढळले की, चाकांनी व पावलांनी जमीन दडपून घट्ट होते, मुळांना हवा व पाणी मिळत नाही, आणि ज्या वृक्षांच्या दर्शनासाठी माणसे येतात तेच वृक्ष हळूहळू खंगतात. १९३२ साली त्याने मुक्कामतळांच्या आखणीविषयी एक पुस्तिका लिहिली. एकेरी वळसा घेणारा रस्ता, त्याला फुटलेली गाडी उभी करण्याची आखूड शाखा, आणि त्या शाखेशेजारी कायमचे मेज व कायमची चूल अशी त्याची योजना होती. आज उत्तर अमेरिकेतील बहुतेक सरकारी तळ याच धर्तीवर आखलेले दिसतात. विस्तव एकाच ठिकाणी राहिला म्हणजे एकाच ठिकाणची माती जळते, हा त्यातील साधा हिशेब होता.

लाकूड जळते म्हणजे काय होते

लाकूड जळते असे आपण म्हणतो, पण ज्वाला लाकडाची नसते. लाकडात मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व लिग्निन हे पदार्थ असतात, आणि त्यांच्या जोडीला पाणी असते. ओंडा तापू लागला की प्रथम पाण्याची वाफ होऊन निघून जाते. उष्णतामान २०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले म्हणजे लाकडाचे घटक तुटू लागतात व त्यांतून ज्वालाग्राही वायू व डांबरी वाफा बाहेर पडतात. या वायूंचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो तेव्हा ज्वाला दिसते. वायू निघून गेल्यावर उरतो तो कोळसा. तो ज्वालेवाचून, केवळ पृष्ठभागावर, संथपणे जळतो. त्यालाच आपण निखारा म्हणतो. म्हणजे एकाच शेकोटीत वाळणे, वायू सुटणे, ज्वाला व निखारा या चारही अवस्था एकाच वेळी शेजारी शेजारी चालू असतात. शेकोटी सांभाळणे म्हणजे त्यांचा मेळ राखणे होय.

मग धूर कोठून येतो? वायू व डांबरी वाफा बाहेर पडल्या, पण त्यांना पेट घेण्याइतकी उष्णता किंवा पुरेशी हवा मिळाली नाही, तर त्या थंड होऊन सूक्ष्म थेंबांच्या व काजळीच्या कणांच्या रूपाने उडून जातात. धूर हे न जळलेले इंधन होय. शाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली याची सहज प्रचीती घेता येते. मेणबत्ती काही वेळ जळू देऊन फुंकून विझवावी. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर चढू लागेल. पेटती काडी वातीला न लावता तिच्यापासून दोन-तीन सेंटिमीटर वर त्या रेघेत धरली, तर ज्वाला रेघेवरून खाली उडी घेते व मेणबत्ती पुन्हा पेटते. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात मुलांसाठी मेणबत्तीवर जी प्रसिद्ध व्याख्याने दिली, त्यांत हा प्रयोग करून दाखविला होता.

ओल्या लाकडाचा धूर अधिक होतो हे चुलीपुढे बसणाऱ्या कोणत्याही गृहिणीस ठाऊक असते. त्याचे कारण मात्र पुष्कळदा अर्धवट सांगितले जाते. पाण्याची वाफ करण्यात उष्णता खर्च होते हे खरे; पण ती किती? नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाने निम्मे पाणी असू शकते. अशा १ किलो लाकडातील अर्धा किलो पाणी १५ अंशांपासून तापवून त्याची वाफ करण्यास सुमारे १.३ मेगॅज्यूल उष्णता लागेल. उरलेल्या अर्धा किलो कोरड्या भागापासून सुमारे ९ मेगॅज्यूल मिळतात. म्हणजे नुकसान सातव्या हिश्श्याचे झाले. एवढ्याने शेकोटी निकामी होऊ नये. खरी अडचण अशी की, हा खर्च नेमका जेथे वायू पेट घ्यावयाचे तेथेच होतो. ओंड्याच्या पृष्ठभागाचे उष्णतामान वाफेमुळे वर चढत नाही, बाहेर पडणारे वायू पाण्याच्या वाफेने पातळ होतात, आणि ज्वाला धरण्याआधीच निसटून जातात. परिणामी पाण्याने खाल्लेल्या उष्णतेपेक्षा न जळता गेलेल्या इंधनाचे नुकसान अधिक होते. म्हणून सरपणात २० टक्क्यांहून अधिक पाणी असू नये असे अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण संस्थेचे सांगणे आहे. उभी फोडलेली व छपराखाली वारा लागेल अशी रचलेली लाकडे या पातळीला यावयास बहुधा सहा महिने ते एक वर्ष लागते. एखाद्या ढलपीचे वजन रोज करून ते कसे उतरत जाते याचा आलेख विद्यार्थ्यांनी काढावा. वजन स्थिर झाले म्हणजे हवेतील दमटपणाशी लाकडाचा तोल साधला असे समजावे.

अलीकडे ‘बिनधुराच्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या आगट्यांत पात्राला दुहेरी भिंत असते. खालून शिरलेली हवा दोन भिंतींमधून तापत वर जाते व काठाजवळच्या भोकांतून धुरात सोडली जाते. तेथे तो धूर दुसऱ्यांदा पेट घेतो. युक्ती खरी आहे. परंतु भिंती तापेपर्यंत व ओले लाकूड घातल्यावर ही आगटीही इतरांसारखीच धुमसते.

टाकीतील वायू

प्रोपेन हा कार्बनचे तीन व हायड्रोजनचे आठ अणू मिळून झालेला वायू होय. नैसर्गिक वायूचे शुद्धीकरण करताना व खनिज तेलाचे शोधन करताना तो मिळतो. १९१० च्या सुमारास अमेरिकेच्या खाणखात्यातील वॉल्टर स्नेलिंग हा रसायनज्ञ पेट्रोलमधून उडून जाणाऱ्या वायूंचा शोध घेत होता. त्यांत प्रोपेन असून तो दाबाखाली द्रवरूपात साठविता येतो हे त्याने ओळखले, आणि १९१३ साली त्यास या पद्धतीबद्दल पेटंट मिळाले. येथून पुढे नळवायू जेथे पोहोचत नाही अशा घरांना टाकीतून इंधन मिळू लागले.

भारतातील घरगुती वापराच्या १४.२ किलोच्या टाकीतही याच कुळातील इंधन असते. पण ते प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण असते. ब्यूटेन उणे ०.५ अंशास उकळतो. आपल्याकडील उष्ण हवेत तो टाकीतून सहज वायुरूपाने बाहेर येतो; पण कॅनडातील किंवा रॉकी पर्वतातील रात्री हवा गोठणबिंदूखाली गेली की तो द्रवरूपातच बसून राहील. प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश आहे. बाहेर उणे २० अंश असतानाही त्याचा बाष्पदाब वातावरणाच्या सुमारे अडीचपट असतो. मोटारघरांसाठी तेथे प्रोपेनच का वापरतात याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

तरीही थंडीचा त्रास अगदीच होत नाही असे नाही. द्रवाचा वायू होण्यास उष्णता लागते, आणि ती टाकीतील द्रवातूनच घेतली जाते. मोठा विस्तव बराच वेळ चालविला तर टाकी बाहेरील हवेपेक्षा पुष्कळ थंड होते, तिच्या खालच्या भागावर दव व पुढे हिमाचा पांढरा थर धरतो, दाब उतरतो व ज्वाला खुजी होते. टाकी निम्म्याहून अधिक रिकामी झाल्यावर हे लवकर घडते, कारण उष्णता देणारा द्रवच थोडा उरलेला असतो. उपाहारगृहांतील मोठ्या शेगड्यांना जोडलेल्या टाक्यांवर हाच प्रकार आपल्याकडेही पाहावयास मिळतो.

प्रोपेनच्या ज्वलनाचा हिशेब अगदी सरळ असतो. वजनाने ४४ भाग प्रोपेन १६० भाग प्राणवायूशी संयोग पावतो, आणि १३२ भाग कार्बन डाय-ऑक्साइड व ७२ भाग पाणी तयार होते. म्हणजे १ किलो प्रोपेन जळाले की ३ किलो कार्बन डाय-ऑक्साइड व दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ निर्माण होते. राख उरत नाही. वायू जळण्यापूर्वी त्यात भरपूर हवा मिसळली तर ज्वाला निळी होते, जशी आपल्या स्वयंपाकाच्या शेगडीत. मग या आगट्यांची ज्वाला पिवळी कशी? ती मुद्दाम पिवळी ठेवलेली असते. वायूत हवा कमी मिसळली म्हणजे ज्वालेच्या आत कार्बनचे सूक्ष्म कण सुटे होतात, ते तापून पिवळ्या रंगाने झळकतात, आणि ज्वालेच्या काठाशी आल्यावर जळून जातात. लाकडाच्या ज्वालेचा रंगही याच कारणाने पिवळा असतो. प्रोपेनच्या आगटीत दिसणारी शोभा ही अशा रीतीने थोड्याशा अपूर्ण ज्वलनाची शोभा आहे, आणि हवेचे प्रमाण आणखी घटले तर तीही काजळी सोडते.

अंगाला लागणारी धग

शेकोटीभोवती बसणाऱ्यास किती उष्णता निर्माण झाली याच्याशी कर्तव्य नसते. त्याच्यापर्यंत किती पोहोचली याच्याशी असते. उघड्या विस्तवाची बरीचशी उष्णता तापलेल्या वायूंबरोबर वर आकाशात निघून जाते. बाजूला बसलेल्या माणसास जी लागते ती प्रारणाने, म्हणजे उन्हासारखी सरळ रेषेत येते. म्हणूनच तोंड भाजते व पाठ गारठते. तप्त पदार्थातून बाहेर पडणारे प्रारण त्याच्या निरपेक्ष उष्णतामानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, आणि घन पदार्थ पातळ ज्वालेपेक्षा कितीतरी अधिक जोमाने प्रारण करतो. लालबुंद निखाऱ्यांचा ढीग त्यामुळे उत्तम शेक देतो. ज्वाला मावळल्यानंतरच शेकोटीची खरी ऊब लागते, असा जो अनुभव येतो त्याचे कारण हेच.

प्रोपेनच्या आगटीत निखारे नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी पात्रात ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडांचे तुकडे पसरतात. ते तापून थोडेफार निखाऱ्यांचे काम करतात. नदीतील गोटे मात्र या कामी कधीही वापरू नयेत. त्यांच्या भेगांत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात व त्यांचे तुकडे उडतात. दगड घालूनही बाजूला मिळणारी धग निखाऱ्यांच्या तोडीची होत नाही, हे कबूल करणे भाग आहे. वाऱ्याच्या रात्री तर प्रोपेनची ज्वाला आडवी होऊन तिची ऊब भलतीकडेच जाते.

आकड्यांत पाहू. अमेरिकेत सर्रास वापरली जाणारी टाकी २० पौंडांची, म्हणजे सुमारे ९ किलो प्रोपेन मावणारी असते. या आगट्यांची ताकद तेथे ब्रिटिश उष्णता-एककांत सांगतात, आणि ताशी ५०,००० एकके हा एक नेहमीचा आकडा आहे. आपल्या मापाने तो १५ किलोवॉटच्या जवळ जातो. अशा आगटीला पूर्ण जोरावर ताशी सुमारे १ किलो प्रोपेन लागते, तेव्हा भरलेली टाकी साधारण साडेआठ तास पुरेल. तितकीच उष्णता लाकडापासून मिळवावयाची तर २० टक्के पाणी असलेले सरपण २८ ते ३० किलो लागेल. मोटारघरात जागा व वजन दोन्ही मोजके असल्यामुळे हा फरक लहान नव्हे. उलट बाजूने असे म्हणता येईल की, स्वयंपाक व घर तापविणे या कामांसाठी जी टाकी आणली, तीच शोभेच्या विस्तवासाठी रिती केली तर पहाटेच्या थंडीत पंचाईत होते.

अरण्याचा विचार

येथपर्यंत केलेली तुलना एखाद्या कुटुंबाच्या सोयीची झाली. परंतु पश्चिम अमेरिकेतील कोरड्या उन्हाळ्यात निर्णय बहुधा या कारणांवर होत नाही. २९ मे २०११ रोजी ॲरिझोना राज्याच्या पूर्व भागातील अरण्यात दोन मुक्कामी प्रवाशांनी पेटविलेली शेकोटी विझली असे समजून ते तेथून दूर गेले. वाऱ्याने तिच्यातील ठिणग्या उडाल्या. ‘वॉलो’ या नावाने ओळखला जाणारा हा वणवा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आवरला नव्हता. त्यात सुमारे ५ लाख ३८ हजार एकर, म्हणजे २,१०० चौरस किलोमीटरांहून अधिक प्रदेश जळाला. हे क्षेत्र गोवा राज्याच्या निम्म्याहून मोठे आहे. ॲरिझोनाच्या नोंदीतील हा सर्वांत मोठा वणवा ठरला.

शेकोटी विझली असे वाटणे व ती विझलेली असणे यांत इतके अंतर का पडावे, याचा उलगडा निखाऱ्याच्या स्वभावात आहे. निखारा पृष्ठभागावर जळतो. त्याच्यावर राखेचा थर साचला की हवा कमी पोहोचते व ज्वलन मंदावते. पण राख ही उष्णतेची वाईट वाहक असल्यामुळे आतील उष्णताही बाहेर पडत नाही. अशा रीतीने झाकलेला निखारा रात्रभर, कधी त्याहूनही अधिक काळ, जिवंत राहतो. आपल्याकडील खेड्यांत चुलीतील निखारे राखेखाली पुरून सकाळसाठी विस्तव राखीत, तो याच गुणाचा उपयोग होता. अरण्यात तोच गुण घातक होतो. शेकोटी जर पानांच्या कुजलेल्या थरावर किंवा मुळांवर केलेली असेल तर निखारा जमिनीखालूनही सरकू शकतो.

याच कारणाने अमेरिकेच्या वनखात्याने निर्बंधांच्या पायऱ्या ठरविल्या आहेत. धोका वाढू लागला की पहिल्या पायरीवर फक्त तळांवरील कायमच्या आगट्यांतच लाकूड पेटविण्यास परवानगी असते. पुढच्या पायरीवर लाकडाचा विस्तव सर्वत्रच बंद होतो. या दोन्ही वेळी, वायू तात्काळ बंद करता येईल अशी तोटी असलेल्या प्रोपेनच्या साधनांना बहुतेक ठिकाणी मुभा दिली जाते, मात्र भोवतालची जागा पालापाचोळा काढून स्वच्छ केलेली असावी लागते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शेकोट्यांवर बंदी असतानाही प्रमाणित वायूची आगटी चालते, परंतु तिची ज्वाला १५ सेंटिमीटरांहून उंच असता कामा नये. नियम जागोजागी व ऋतूप्रमाणे बदलतात, आणि धोका पराकोटीला गेला की प्रोपेनलाही मनाई होते. म्हणून तळावर पोहोचताच तेथील फलक वाचणे हे पहिले काम समजले जाते. प्रोपेनला हा मान का मिळतो? त्याची ज्वाला ठिणग्या उडवीत नाही, आणि तोटी फिरविल्याबरोबर ज्वलन थांबते. बाकी उष्णता म्हणाल तर दोन्हींची सारखीच. कोरडे गवत जवळ असेल तर प्रोपेननेही पेटेल.

वणव्याइतकी भयंकर न दिसणारी, पण दूरवर पोहोचलेली हानी सरपणाच्या वाहतुकीने झाली आहे. २००२ साली मिशिगन राज्यात डेट्रॉइटजवळ पाचूसारख्या हिरव्या रंगाचा एक भुंगेरा आढळला. तो मूळचा पूर्व आशियातील. त्याच्या अळ्या ॲश वृक्षाच्या सालीखाली नागमोडी बोगदे करतात, त्यामुळे रसवाहिन्या तुटतात व झाड काही वर्षांत वाळते. उत्तर अमेरिकेत कोट्यवधी ॲश वृक्ष या किड्याने मेले आहेत. किडा स्वतः फार लांब उडत नाही. तरीही तो राज्यामागून राज्य ओलांडीत गेला, याला एक मोठे कारण म्हणजे सालीसकट असलेले सरपण. घरामागचे वाळलेले झाड तोडून त्याचे ओंडे मोटारघरातून शेकडो किलोमीटर दूरच्या तळावर नेले की अळ्यांचाही प्रवास फुकट होतो. लाकूड वरून कितीही निरोगी दिसले तरी सालीखाली काय आहे ते कळत नाही. त्यामुळे अनेक तळांवर बाहेरचे सरपण आणण्यास बंदी आहे. तेथेच किंवा जवळपास विकत घ्यावे, अथवा भट्टीत ठराविक उष्णतामानापर्यंत तापवून प्रमाणित केलेले आणावे, असा नियम असतो. तळाभोवती पडलेल्या फांद्या गोळा करणेही पुष्कळ उद्यानांत मना आहे, कारण त्या कुजूनच पुढच्या झाडांची माती व्हावयाची असते.

धुराचाही विचार तळावर सामुदायिक होतो. लाकडाच्या धुरातील बहुतेक कण अडीच मायक्रॉनांहून लहान असतात. माणसाच्या केसाची जाडी याच्या वीसपटीहून अधिक असते. इतके बारीक कण फुप्फुसांच्या अगदी आतपर्यंत जातात, आणि दमेकऱ्यास त्यांचा उपद्रव लागलीच जाणवतो. डोंगरांनी वेढलेल्या दरीत रात्री थंड हवा तळाशी बसते व तिच्यावर ऊबदार हवेचे झाकण पडते. शेकडो शेकोट्यांचा धूर त्याखाली कोंडून राहतो. कॅलिफोर्नियातील योसेमिटी दरीत मे ते सप्टेंबर या हंगामात शेकोटी संध्याकाळी ५ ते रात्री १० एवढ्याच वेळात पेटवावी असा नियम करण्यात आला, तो हवेच्या शुद्धतेसाठीच. प्रोपेनचा धूर यापुढे नगण्य आहे. परंतु त्याचा कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीखाली होता आणि लाकडाचा काही दशकांपूर्वी हवेतच होता, ही गोष्टही विसरता येत नाही.

न दिसणारे धोके

प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड आहे. तोटी किंवा नळी गळू लागली तर तो वर उडून न जाता पाण्यासारखा सखल जागी उतरतो, आणि हवेत त्याचे प्रमाण शेकडा २ च्या थोडे पुढे गेले की ठिणगीने पेट घेऊ शकतो. मोटारघरात गळतीची सूचना देणारे यंत्र जमिनीलगत बसविलेले असते ते यामुळेच. शुद्ध प्रोपेनला वास नसतो. त्यात इथिल मरकॅप्टन हा दुर्गंधी पदार्थ मुद्दाम मिसळतात. १९३७ च्या मार्च महिन्यात टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेत वास नसलेला नैसर्गिक वायू साठून भीषण स्फोट झाला व सुमारे ३०० माणसे, बहुतांशी मुले, प्राणास मुकली. त्यानंतर इंधनवायूंना वास देण्याचे कायदे झाले. टाकी जोडल्यावर सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात काय ते पाहावे. काडी ओढून पाहू नये. फिरत्या आगट्यांपैकी अनेकांत ज्वाला विझताच वायू आपोआप बंद होण्याची व्यवस्था नसते, म्हणून वाऱ्याने विझलेल्या आगटीजवळ लागलीच जाऊन तोटी बंद करावी, आणि वास पूर्ण गेल्यावाचून पुन्हा पेटवू नये.

दुसरा धोका दोहोंस सारखाच लागू आहे, आणि तो अधिक कपटी आहे. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हीमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते, त्यामुळे हवेतील त्याचे अल्प प्रमाणही शरीराला प्राणवायूला मुकविते. डोके दुखते, मळमळते, झोप येते. आणि झोप आली की माणूस बाहेर पडत नाही. पावसाची सर आली म्हणून पेटती आगटी मोटारघराच्या दारात किंवा चहूबाजूंनी पडदे लावलेल्या छताखाली ओढणे, अथवा विझत आलेले निखारे उबेसाठी आत घेणे, या चुका प्राणघातक आहेत. निखारा ज्वालेपेक्षा निरुपद्रवी दिसतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र तोच अधिक सोडतो.

तेव्हा निवड कशी करावी? रॉकी पर्वताच्या पश्चिमेस जुलै-ऑगस्टमध्ये फिरणाऱ्या कुटुंबाने प्रोपेनची आगटी बरोबर घ्यावी हे जवळजवळ निर्विवाद आहे. तेथे अनेकदा दुसरा विस्तव करताच येत नाही. रोज नव्या तळावर जाणाऱ्यासही तीच सोयीची, कारण पहाटे निघताना मागे काही उरत नाही. याउलट पूर्वेकडील दमट अरण्यांत, शरद ऋतूच्या सुरुवातीस, पाऊस होऊन गेलेला असताना आणि तळावरच वाळलेले सरपण मिळत असताना लाकडाच्या शेकोटीवर आक्षेप घेण्यासारखे थोडेच राहते. तिची धग चांगली, तिच्या निखाऱ्यांवर मक्याचे कणीस व बटाटा भाजता येतो, आणि विस्तवाची निगा राखण्याचे शिक्षण मुलांना मिळते ते तोटी फिरविण्यात मिळत नाही. दोन-तीन दिवस एकाच जागी मुक्काम असणाऱ्यास ती अधिक परवडते. शेजारच्या मोटारघरात दम्याचा रोगी असेल, तर ऋतू कोणताही असो, विचार बदलावा लागेल.

विझविण्याची रीत दोहोंची वेगळी आहे. प्रोपेनची टाकीवरील मुख्य तोटी प्रथम बंद करावी, नळीत उरलेला वायू जळून जाऊ द्यावा, मग आगटीची तोटी फिरवावी. दगड थंड व्हावयास बराच वेळ लागतो, तोवर पात्र गाडीत ठेवू नये. लाकडाच्या शेकोटीत निजण्यापूर्वी तासभर तरी नवे लाकूड घालू नये. नंतर तिच्यावर बादलीने पाणी ओतावे, काठीने राख व निखारे उलथेपालथे करून कालवावे, आणि पुन्हा पाणी ओतावे. माती ढकलून ती पुरू नये, कारण माती राखेसारखीच निखाऱ्याला झाकते. सरतेशेवटी हाताची मागील बाजू राखेच्या अगदी जवळ न्यावी, आणि ऊब लागली तर आणखी पाणी आणावे.